तिसऱ्या गाठोड्यातले बांगडे

एका दुपारी, साधारण तासभर, आपण शेजारच्या गरोदर बाईला विष घातलं आहे अशी माझी पक्की खात्री होती. हातात ना कोयता होता, ना बाटली. होती ती एक वही, तीही सरकारी अभ्यासक्रमाची, निळ्या पुठ्ठ्याची, आणि तिच्यातलं माझं अक्षर फार सुरेख होतं. पुढे सगळी नोकरी मी माशांच्या खात्यात काढली, नव्या मुलांना पुष्कळ उपदेश केला, पण ही हकीकत त्यांना कधी सांगितली नाही. सांगितली असती तर उपदेश ऐकून घ्यायला कोणी थांबलं नसतं.

आम्ही लालबागला राहत होतो. एक खोली, पुढे लांब गॅलरी, खोलीत स्वयंपाकाच्या बाजूला पोटमाळा. बाबा गिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर, होते. मी इंटर सायन्सला एकदा आपटलो होतो आणि पुन्हा बसायची माझी इच्छा नव्हती. बाबांनी कामगार भरणाऱ्या एका जॉबरच्या कानावर घालून ठेवलं होतं की पोरगा बदली कामगार म्हणून लागला तर बरं. तेवढ्यात पेपरात जाहिरात आली. मासे टिकवणं, खारवणं, बर्फात ठेवणं, डबे भरणं, जाळी आणि होड्यांची इंजिनं, असं सगळं एका वर्षात शिकवणारा सरकारी वर्ग गिरगावात भरत होता, आणि पास होणाऱ्याला खात्यात नोकरीची आशा होती. मी अर्ज केला आणि मला घेतलं. बाबा एवढंच म्हणाले, "एक वरीस. मगे गिरणी."

चाळीत हसू झालं ते वेगळंच. आमच्या मजल्यावर दहापैकी आठ घरं मालवणकडची. मासा हा तिथे शिकायचा विषय आहे हे कोणाला पटेना. शेजारच्या काकी गॅलरीत उभ्या राहून मला ऐकू जाईल अशा बेताने आईला म्हणाल्या, "आमच्या आवशीन खंयच्या कॉलेजात जावन मासे सुकवल्यान, ता सांग बघूया." आईने उत्तर दिलं नाही. काकींच्या बोलण्यावर गप्प राहणं हे आईच्या बाबतीत दुर्मीळ होतं, म्हणून ते मला लागलं. मी मनात म्हटलं, थांबा, सर्टिफिकेट आणून भिंतीला लावतो.

खरं सांगायचं तर मलाही सुरुवातीला वाटत होतं की यात शिकायचं काय? आठवड्यातून तीनदा घरी मासे, लहानपणापासून काटे काढून खाल्लेले. पण खाणारा वेगळा आणि जाणणारा वेगळा, हे पहिल्याच आठवड्यात सरांनी दाखवून दिलं. सर प्रभादेवीचे, पन्नाशीचे, खाकी पँटीवर नेहमी मिठाचे डाग. समोर चार पापलेटं ठेवून त्यांनी विचारलं, यातलं सगळ्यात जुनं कुठलं? मी ऐटीत एक उचललं. ते सगळ्यात ताजं निघालं. वर्ग हसला. सर हसले नाहीत. म्हणाले, "घरी कोण निवडतं मासे?" मी म्हटलं, "आई." "मग त्यांना विचारत जा. तुम्हाला अजून बरंच बघायचंय."

बघायचंय हा त्यांचा आवडता शब्द. प्रत्येक गोष्टीवर तेच. कल्ले बघा, डोळा बघा, बोटाने दाबून खळगा भरून येतो का ते बघा, आणि बघितलंत की वहीत लिहा. जे बघितलं नाही ते लिहू नका. आम्ही माना डोलवायचो. बांगड्याबद्दल मात्र त्यांनी एकदा जे सांगितलं ते माझ्या डोक्यात पक्कं बसलं. बांगडा कधी कधी वास न येता बिघडतो. मीठ कमी पडलं, उशिरा लागलं, तर वरून चांगला दिसतो, चवीलाही फरक कळत नाही, आणि खाल्ल्यावर माणसाचं तोंड लाल होतं, अंगाला खाज सुटते, डोकं ठणकतं, पोटात कळा येतात. "नाकावर भिस्त ठेवू नका," ते म्हणाले, आणि स्वतः मात्र पुढे आलेला प्रत्येक मासा हुंगून बघायचे.

डिसेंबरात आम्हाला मिठाचा प्रयोग दिला. प्रत्येकाने एकाच टोपलीतले बांगडे घ्यायचे, पोट काढून, पाठीवरून चिरून धुवायचे आणि त्यांचे तीन वाटे करायचे. पहिल्या वाट्याला तीन भाग माशाला एक भाग मीठ. दुसऱ्याला पाच भागांना एक. तिसऱ्याला दहा भागांना एक, म्हणजे मुद्दाम कमी. तिसरा वाटा बिघडायलाच हवा होता. तो कसा बिघडतो, कितव्या दिवशी बिघडतो, हे बघणं हाच प्रयोग. वाटे उन्हात सुकवून, तरटात बांधून महिनाभर ठेवायचे, एक दिवसाआड गाठ सोडून बघायचे, वास, रंग, घट्टपणा, डाग लिहायचे, आणि जानेवारीअखेर वही आणि तिन्ही गाठोडी बाहेरून येणाऱ्या परीक्षकापुढे ठेवायची.

गाठोडी वर्गात ठेवता येईनात, कारण वरच्या मजल्यावर दुसऱ्या एका खात्याची कचेरी होती आणि तिथल्या लोकांनी नाकाला रुमाल लावून तक्रार केली. सर म्हणाले, ज्यांना शक्य आहे त्यांनी घरी न्या. गिरगाव-दादरच्या काही मुलांचे चेहरे बघण्यासारखे झाले. एकाच्या घरी तर कांदासुद्धा चातुर्मासात बंद असायचा. मला काय अडचण? आमच्या मजल्यावर सुक्या माशाचा वास आला नाही तर लोक चौकशी करतील. मी ट्रामच्या मागच्या टोकाला, लोकांच्या शिव्या खात, तिन्ही गाठोडी घरी आणली आणि पोटमाळ्यावर ओळीने ठेवली. प्रत्येकाला चिठ्ठी बांधली, एक, दोन, तीन. आईला सांगितलं, "ह्येका हात लावू नको. कॉलेजचे आसत."

पहिला आठवडा मी नेमाने शिडी लावून चढलो, गाठोडी सोडली, हुंगली, दाबली, लिहिलं. मग माझं लक्ष उडालं. त्या दिवसांत लालबाग-परळमध्ये कोणाचं लक्ष अभ्यासात होतं? मुंबई महाराष्ट्राला देणार की नाही यावर नळावर भांडणं होत. सकाळी प्रभातफेरी, संध्याकाळी मैदानात सभा, तिथून घसा बसवून परत येणं. माझाही घसा बसला होता आणि मला त्याचा अभिमान होता. घरी येऊन शिडी लावून बांगडे हुंगायचे, हे त्या मानाने फारच किरकोळ काम वाटायला लागलं. मागच्या तुकडीतल्या एकाची वही आमच्यात फिरत होती. मी ती दोन दिवसांसाठी मागून घेतली आणि एका रविवारी, पुढच्या तारखा घालून, तिसऱ्या नमुन्याचं सगळं मरण एका बैठकीत लिहून काढलं. बाराव्या दिवशी कडा पिवळट. सोळाव्या दिवशी मांस मऊ, किंचित आंबूस वास. विसाव्या दिवशी तांबूस डाग. त्याच्या पुढे, रेघ ओढून: नमुना खाण्यास अयोग्य.

शब्द तिथले तिथे बसले होते. मी वही मिटली तेव्हा मला अपराधी वगैरे काही वाटलं नाही. काम संपल्याचं समाधानच वाटलं. आज त्या पोराच्या कानाखाली वाजवाविशी वाटते, पण तेव्हा तो मोठ्या खुशीत सभेला गेला.

मग जानेवारीच्या मध्यावर रेडिओवर सांगितलं की मुंबई महाराष्ट्रात जाणार नाही, आणि शहर पेटलं. मी त्या दिवशी वर्गाला गेलो होतो. ट्राम बंद पडल्या, दगड, अश्रुधूर, मग गोळीबाराच्या बातम्या. मी गिरगावातच मावशीकडे अडकलो. दोन दिवस तिच्या खोलीच्या खिडकीला घोंगडी लावून बसलो. लालबागला काय झालंय, कोणी सांगू शकत नव्हतं, आणि जे सांगत होते ते ऐकवत नव्हतं. तिसऱ्या दिवशी सकाळी दोन तास संचारबंदी उठली. मावशी नको नको म्हणत असताना मी निघालो. भायखळा, चिंचपोकळी करत पायी. दुकानं बंद, रस्त्यावर विटांचे तुकडे, चपलांचे ढीग. आमची चाळ उभी दिसली आणि बाबा गॅलरीत दिसले तेव्हा माझे पाय हलके झाले.

"इलंस रे बाबा," म्हणून आईने मला पाठीत एक धपाटा घातला आणि ताबडतोब पाटावर बसवलं. मजल्यावर सगळ्यांची जेवणं लवकर आटोपली होती. माझ्यापुढे पेज आणि निखाऱ्यावर भाजलेला खारा बांगडा आला. दोन दिवस मावशीकडे चहा-पाव खाल्लेला मी. बांगडा काट्यासकट चघळला. चव उत्तम होती, हे कबूल केलं पाहिजे. हात धुता धुता मी सहज विचारलं, बाजार बंद असताना हा आला कुठून?

"खंयसून येतलो? तुझोच तो," आई म्हणाली. तिच्या आवाजात जरा अभिमानच होता. "दोन दिस बाजार बंद. कोणाकडे काय नाय. पोरां नुसत्या भातार रडाक लागली. मगे तुझी गाठोडी काढलंय. काल दोन, आज एक. आख्ख्या मजल्यान खाल्ल्यान."

मला पहिल्यांदा राग आला. माझी परीक्षा खाल्ली यांनी! दहा दिवसांवर परीक्षक येणार आणि मी त्याच्यापुढे काय ठेवणार, रिकामी तरटं? मी तोंड उघडलं, आणि तेवढ्यात तिचं वाक्य मला नीट ऐकू आलं. काल दोन. आज एक. आजचं म्हणजे तिसरं.

मी शिडी न लावताच पोटमाळ्यावर चढलो. तीन तरटं घडी करून ठेवलेली, आईच्या सवयीप्रमाणे. तीन नंबरची चिठ्ठी असलेलं तरट उचलून मी हुंगलं. सुक्या माशाचा वास, दुसरं काही नाही. पण नाकावर भिस्त ठेवायची नाही, हे मला पाठ होतं. खाली उतरून मी वही काढली. विसावा दिवस उलटून गेला होता. पानावर माझ्याच अक्षरात लिहिलं होतं: नमुना खाण्यास अयोग्य.

हे खरं होतं की खोटं, हे सांगू शकणारा जगात एकच माणूस होता, मी, आणि मला ते माहीत नव्हतं. ज्या तीन आठवड्यांत मी बघायला हवं होतं त्या तीन आठवड्यांचं माझ्याकडे फक्त दुसऱ्याच्या वहीतलं अक्षर होतं. मी दंड खाजवला. मग मान खाजवली. मग मला कळेना की ही खाज खरी आहे की मनाची.

"आज कोणी कोणी खाल्ल्यानी?" मी आईला विचारलं.

तिने बोटांवर मोजून सांगितलं. आमच्या मजल्यावरची अमुक घरं, समोरच्या खोलीतले म्हातारे, आणि शेजारच्या काकींकडे सगळ्यांनी. "बायन दोन खाल्ल्यान. आवडले तिका."

बाय म्हणजे काकींची मुलगी. मी तिला ताई म्हणायचो. माझ्याहून तीन वर्षांनी मोठी, लहानपणी तिनेच मला गॅलरीत चालायला शिकवलं असं ती सगळ्यांना सांगायची. पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती, दिवस भरत आले होते.

मी बाहेर गॅलरीत येऊन उभा राहिलो. ताई दारात बसून लहान मुलाचं टोपरं शिवत होती. मला बघून हसली, म्हणाली, "आलास का रे लढाईवरून?" मी तिच्या तोंडाकडे बघत राहिलो. तोंड लाल आहे का? ती गोरी, उन्हात बसलेली, त्यात नऊ महिने भरलेले. लाल होतंच. मी म्हटलं, "डोकं दुखतंय का तुझं?" ती म्हणाली, "माझं कशाला दुखेल? तुझंच फिरलंय वाटतं." मी तिथून हललो नाही. मजल्यावरच्या प्रत्येक दाराकडे मी कान लावून होतो. कोणी खोकलं तरी मी तिकडे वळून बघायचो. खाली रस्त्यावर पोलिसांची गाडी एकदा गेली, एकदा आली. संचारबंदी पुन्हा लागली होती.

दोनच्या सुमाराला ताईच्या हातातलं टोपरं खाली पडलं. ती दाराची चौकट धरून वाकली आणि "आई गं" म्हणाली.

त्यानंतर मी काय काय केलं ते मला तुटक आठवतं. मी घरात आलो, चपला घातल्या, जिन्याकडे धावलो. परळचं हॉस्पिटल पायी पंधरा मिनिटांवर. डॉक्टरला आणायचं, नाहीतर गाडी आणायची, नाहीतर पोलिसाच्या पाया पडायचं, एवढंच डोक्यात. बाबांनी जिन्याच्या तोंडाशी मला दंडाला धरलं. "जातंस खंय? गोळी खावक?" मी हात सोडवायला लागलो. आई बाहेर आली. माझा चेहरा बघून ती घाबरली, आणि घाबरली की ती चिडते. "काय झालां काय तुका? भूत बघल्यासारखो काय करतंस?"

मी तिला तिथेच, जिन्यात, सगळं सांगितलं. की तिसरं गाठोडं मुद्दाम बिघडवायला ठेवलं होतं. की त्यात मीठ कमी होतं. की वास न येता बांगड्यात विष तयार होतं. की मी तीन आठवडे ते उघडून बघितलंच नाही आणि वहीत खोटं लिहिलं. की ताईला आता जे होतंय ते माझ्यामुळे. बोलता बोलता मी रडायला लागलो होतो. एकोणीस वर्षांचा घोडा, मैदानावर सरकारला ललकारून आलेला.

आई ऐकत होती. तिच्या चेहऱ्यावर भीती यायला हवी होती, ती येईना. उलट तिला थोडं लाजल्यासारखं झालं. तिने बाबांकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"अरे," ती म्हणाली, "तुझ्या त्या तिसऱ्या गाठोड्यात मीठ नाय होतां ता माका ठाव आसा. तू घेवन इलंस, तेच्या दुसऱ्या दिवशीच बघलंय. तू कॉलेजात गेल्लंस. खाली काढलंय, बरां मूठ भरान मीठ चोळलंय, दोन दिस तू गेलंस की गॅलरीत सुकवलंय आणि तू येवच्या आधी परत बांधून ठेवलंय."

मी नुसता बघत राहिलो. "मग सांगलंस नाय कित्याक?"

"तुका वायट वाटात म्हणान," आई म्हणाली. "सरकारी कॉलेजात जाता आणि झिलाक मीठ लावूक येना नाय, असां चाळीत कोणाक कळलां असतां तर? ती काकी तर टपानच बसलेली."

म्हणजे प्रयोग दुसऱ्याच दिवशी संपला होता. ज्या गाठोड्याचं मरण मी तारीखवार लिहिलं होतं ते गाठोडं पोटमाळ्यावर ठणठणीत होतं. शास्त्रातली माझी अब्रू जाऊ नये म्हणून आईने चोरून, मी घरी नसताना, काकींची पाठ वळलेली बघून, माझी चूक दुरुस्त केली होती. तिच्या लेखी ती चूकच होती. दहा भागांना एक भाग मीठ हे कोणी शहाणा माणूस ठरवून लावेल, हे तिला स्वप्नातही सुचलं नसतं.

जीव भांड्यात पडणं म्हणतात ते मी त्या जिन्यात अनुभवलं. मी पायरीवरच बसलो. बाबा हसायला लागले. गेले तीन दिवस चाळीत कोणी हसलं नव्हतं, त्यामुळे शेजारची दोन दारं उघडली.

पण ताईच्या कळा थांबल्या नव्हत्या. मी पुन्हा उठणार तोच समोरच्या खोलीतल्या म्हाताऱ्या आजी, ज्यांच्या हातावर निम्मी चाळ जन्मली होती, काकींच्या दारातून बाहेर आल्या. त्यांनी माझ्याकडे वरपासून खालपर्यंत बघितलं. माझं रडणं सगळ्या मजल्याने ऐकलेलं होतं.

"ईख कसला आणि काय कसला!" माझं विष झटकून टाकत त्या म्हणाल्या. "कळा येतत तिका. आठ दिस आधी येतत, काय नवलाची गोष्ट नाय. बापये सगळे गॅलरीच्या त्या टोकाक जावा. आणि तू, माशांच्या डॉक्टरा, पाणी ताप."

मी पाणी तापवलं. आयुष्यात इतक्या मनापासून मी स्टोव्हला पंप मारला नाही. आमच्या घरातलं, काकींकडचं, समोरचं, जे पातेलं हाती लागलं ते मी चढवत होतो. मध्ये आजी ओरडल्या की पोराला आंघोळ घालायची आहे, चाळीला नाही, तेव्हा थांबलो. उन्हं गॅलरीतून सरकली, तिरपी झाली. खाली रस्ता मोकळा, एक कावळा आणि दोन शिपाई. पाचच्या आतबाहेर बाळाचा आवाज आला. चांगला खणखणीत, सभेत लागावा तसा. काकी बाहेर आल्या, डोळे पुसत, आणि आईच्या गळ्यात पडल्या. मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "तुझ्या बांगड्यांन माझी नात लवकर हाडल्यान," आणि ते वर्षानुवर्षं सगळ्यांना सांगत राहिल्या. मी कधी हरकत घेतली नाही.

त्या दिवशी मजल्यावर कोणालाही खाज सुटली नाही, डोकं दुखलं नाही. मी मात्र दारोदार जाऊन विचारलं. समोरचे म्हातारे वैतागून म्हणाले, "अरे, इतको काय विचारतंस? अजून असतीत तर दी."

आठ-दहा दिवसांनी ट्राम चालू झाल्या, वर्ग भरायला लागला. परीक्षा पुढे ढकलली होती. मी वही घेऊन गेलो. वाटेत मला सारखं वाटत होतं की गप्प बसावं. गाठोडी दंगलीत गेली म्हणून सांगितलं तर कोण विचारणार? त्या आठवड्यात कोणाचं काय काय गेलं होतं. वही तर सुरेख होती. फक्त ताईच्या हातातून पडलेलं टोपरं डोळ्यांपुढून जाईना, आणि त्या वेळी हातात वही घेऊन ती खरी की खोटी हे मलाच सांगता येत नव्हतं, ते विसरता येईना. असा तास पुन्हा आयुष्यात नको, एवढंच मला कळत होतं. मी ट्राममधून उतरलो ते सरळ मागच्या अंगणात गेलो. सर मिठाच्या टाकीजवळ एकटेच उभे होते, बाह्या वर केलेल्या.

मी सगळं सांगितलं. दुसऱ्याच्या वहीवरून लिहिल्याचं आधी, गाठोडी खाल्ल्याचं नंतर, आईने मीठ लावल्याचं शेवटी. सर मध्ये एकदाही बोलले नाहीत. मला वाटलं, आता हाकलतात. बाबांनी जॉबरला अजून नाही म्हणून कळवलेलं नाही, हे तेवढं बरं, असंही मनात येऊन गेलं.

"बाई कशी आहे?" सरांनी विचारलं.

मला आधी कळलंच नाही ते कोणाबद्दल विचारताहेत. मग म्हटलं, "बरी आहे. मुलगी झाली."

"बाळ?"

"ठणठणीत आहे."

"आणि बाकीचे? सगळ्यांना विचारलंत?"

"दारोदार जाऊन विचारलं, सर. दोन दिवस."

सर टाकीच्या कठड्यावर बसले. त्यांनी खिशातून रुमाल काढून तोंड पुसलं, मग मान पुसली, मग पुन्हा तोंड. इतका वेळ ते रागाने गप्प नव्हते, घाबरून गप्प होते. मला त्या क्षणी जेवढं मोकळं वाटलं तेवढं सर्टिफिकेट हातात पडलं तेव्हाही वाटलं नाही. ते पडलं, तिसऱ्या वर्गाचं का होईना, पण वहीचे गुण गेले ते गेलेच, आणि जायलाच हवे होते.

त्यांनी वही मागितली. लाल पेन्सिल काढली आणि माझ्या सुरेख अक्षरातली पानं एकामागून एक, सावकाश, कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत खोडली. मग वही उलटी फिरवून, कोरं पान काढून माझ्यापुढे धरली.

"तिसऱ्या नमुन्याबद्दल तुम्हाला स्वतःला जेवढं ठाऊक आहे तेवढंच लिहा," ते म्हणाले.

मी टाकीच्या कठड्यावर वही टेकवली. बराच वेळ विचार केला, कारण ठाऊक फारच थोडं होतं. मग लिहिलं: तिसऱ्या नमुन्यास दुसऱ्या दिवशी आईने मीठ लावले. किती, ते मोजलेले नाही. नमुना संचारबंदीत आमच्या मजल्याने खाल्ला, मीही खाल्ला. कोणीही आजारी पडले नाही.

सरांनी ते दोनदा वाचलं आणि खाली सही केली.